गैरहजेरीचा हक्क

आजारी माणसाला भेटायला जाताना आमच्याकडे लोक संत्री नेतात. मध्य प्रदेशातल्या या सौसर-पांढुर्ण्यात दुसरं नेणार तरी काय, झाडाला तेच लागतं. आमचे घरमालक मात्र कोरे कागद न्यायचे. आखलेले, समास सोडलेले, चार-पाच, आणि मध्ये एक कार्बन पेपर. आजाऱ्याच्या उशाशी स्टूल ओढून बसायचे. कसं काय आहे, हे विचारायचे नाहीत. औषध कोणतं चालू आहे, हे तर मुळीच नाही. विचारायचे एवढंच, "कळवलं का?"

समोरचा बिचारा तापानं फणफणलेला. त्याला वाटायचं, नातेवाइकांना कळवायची वेळ आली म्हणजे आपलं काही खरं नाही. शेजारच्या एका म्हाताऱ्याची बायको तर या प्रश्नानं पदर डोळ्याला लावून बसली होती. काकाजींना त्याचं काही नव्हतं. "कामावर कळवलं का म्हंतो मी," ते म्हणाले, "मरायचं कोण बोलून राह्यलं?"

काकाजी म्हणायचो आम्ही त्यांना, सगळे भाडेकरू. ते एका मिलमध्ये तीस वर्षं टाइमकीपर होते. ती मिल आता बंद आहे, गेटावर वडाची रोपं उगवलीत. टाइमकीपर म्हणजे गेटाजवळच्या खोलीत बसून कोण आलं, कोण नाही, कोण किती मिनिटं उशिरा आलं, ते लिहिणारा माणूस. मिल बंद पडली, पण लिहिणं काही बंद पडलं नाही. दूधवाल्याला "उद्या दूध नको" ही चिठ्ठीसुद्धा ते कार्बन घालून लिहीत. वरची दूधवाल्याला, खालची फाईलमध्ये. कोणी लग्नाची पत्रिका दिली तर देणाऱ्याला थांबवून "पत्रिका मिळाली, आभारी आहे" असं लिहून, तारीख टाकून, सही करून हातात ठेवत. आणि स्वतः कुणाला काही दिलं की हात पुढे करून म्हणत, "पावती?"

काकी त्यांना फार चिडवायच्या. म्हणायच्या, "माह्या गळ्यात माळ घातली, तवा हे माह्या बापाले पावती मागत होते." काकाजी हसत नसत. "मागतली असती त बरं झालं असतं," एवढंच म्हणून पेन पुसायला घेत.

शनिवारी जामसांवलीला जायचे. तिथला मारुती निजलेला आहे, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत. काकाजी परत आले की ओट्यावर चप्पल काढता काढता दर वेळी तेच सांगत, "देव सोता आडवा पडला हाये, पण त्याले कोनं कामावरून काढलं? नाई काढलं. काहून? तो तथी पडून हाये, हे साऱ्याइले कळवलेलं हाये." असं बोलल्यानं देव कोपेल, असं काकींना वाटायचं. देव काही कोपला नाही.

आम्हाला त्यांची खोली मिळाली, तीही सहज नाही. लोधीखेडा गाव सोडून माझ्या सूतगिरणीच्या मिलजवळ राहायला आलो तेव्हा सौसरात चार घरं फिरलो. चारही ठिकाणी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच दुसऱ्याला गेल्याचं कळलं. आम्ही बौद्ध. आम्हाला हे नवीन नाही, पण राग यायचा तो येतोच. काकाजींनीही आडनाव विचारलं, पण करारनाम्यात लिहायला. लिहिलं, खाली रेघ ओढली, एक प्रत माझ्या नवऱ्याकडे दिली आणि म्हणाले, "हे संभाळून ठेवजा. उद्या मीच बदललो त मले दाखवजा." असा घरमालक मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

माझा नवरा संत्र्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. हंगामात महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी मी, माझी धाकटी जाऊ शीला आणि आमची लेकरं. मी सूतगिरणीत होते. मशीनवर धागा तुटला की जोडायचा, एवढंच काम, पण आठ तास उभ्यानं आणि धावतपळत. सहा वर्षं केलं. चांगलं करायची, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

दिवाळीनंतर खोकला लागला तो जाईना. वजन उतरलं. सरकारी दवाखान्यात तपासलं तर टी.बी. निघाला. डॉक्टरीण बाई भली होती. म्हणाली, सहा महिने गोळ्या घे, पूर्ण बरी होशील, पण पहिले दोन महिने अंग टाकून आराम कर. मी मान हलवली आणि घरी येऊन शीलाच्या गळ्यात पडून रडले. रडणं रोगाचं नव्हतं. मिलमध्ये टी.बी. कळला की दुसऱ्या दिवशी आपली जागा गेली, असं आम्ही सगळ्या जणी धरून चालायचो. आमच्या मशीनवरची एक बाई अशीच खोकत घरी गेली होती आणि परत दिसली नव्हती.

मग आम्ही जे केलं ते आम्हीच करू जाणे. आमच्याकडे निंदणाला, कापूस वेचायला सांगून ठेवलेल्या बाईला बरं नसलं तर घरातली दुसरी जाते. सासू जाते, जाऊ जाते, नणंद जाते. आज या घरचं एक माणूस येणार म्हणजे येणार, कोणतं ते कोणी पाहत नाही. जागा रिकामी ठेवणं हीच उलट लबाडी. तर शीला म्हणाली, "ताई, तुमी पडा. तुमच्या कार्डावर मी जातो." मला यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगते, तिचं कौतुक वाटलं.

मिलमध्ये अंगठ्याची मशीन होती. पण धागे जोडून जोडून आमचे अंगठे असे गुळगुळीत झालेले की मशीन ते घ्यायचीच नाही, रोज गेटावर गर्दी व्हायची. म्हणून आमच्या खात्यापुरतं कार्ड चालू ठेवलं होतं. आत सगळ्या बाया नाकात रुई जाऊ नये म्हणून ओढणीनं तोंड बांधून, फक्त डोळे उघडे. शीला दोन दिवसांत धागा जोडायला शिकली. तिसऱ्या दिवशी मुकादम तिच्या मशीनपाशी थांबला आणि म्हणाला, "उंची कमी झाली का वं तुही?" मग स्वतःच म्हणाला, "चालू दे, मशीन चालू रायली पायजे." असे चाळीस दिवस गेले. चाळीस दिवस मी घरात गोळ्या खात पडून होते आणि मिलच्या रजिस्टरात एक दिवस न चुकता कामावर होते.

काकाजींना आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, मी रजेवर आहे. एकदा कागद घेऊन आलेही होते. "कळवलं का?" मी म्हटलं, "हो." "पावती?" मी म्हटलं, "मिलमध्येच राहिली." त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि कागद तसेच उशाशी ठेवून गेले.

मग मिलनं नवीन ओळखपत्रं काढायची ठरवली. एकेकीला बोलावून भिंतीपाशी उभं केलं, ओढणी सोडायला लावली आणि फोटो काढला. शीलाचा फोटो निघाला, पण जुन्या कार्डावर फोटो माझा.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. तिथले साहेब बोलायला गोड. माझ्यासमोर हिंदीत टाइप केलेला कागद ठेवला: घरगुती कारणामुळे मी स्वखुशीनं नोकरी सोडत आहे. म्हणाले, सही करा आणि इज्जतीनं घरी बसा. नाहीतर दुसऱ्या बाईला आपल्या नावावर आत घातलं म्हणून पोलिसात द्यावं लागेल, शिवाय रोग लपवला तो वेगळाच. मी पेन हातात घेतलंही होतं. तेवढ्यात असा खोकला आला की थांबेचना. साहेब खुर्चीसकट मागे सरकले आणि रुमाल नाकाला लावून म्हणाले, "घर ले जाओ, घर से साइन करके भेज देना." त्या खोकल्याचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आले तर काकाजी ओट्यावर. आता लपवून काय करायचं? सगळं सांगितलं, शीलासकट, मुकादमासकट. त्यांनी राजीनाम्याचा कागद दोनदा वाचला.

"सही केली का?"

"नाही."

"मंग तू अजून नोकरीत हायेस," ते म्हणाले. "जा, च्या पी."

चहा पिता पिता मी आणि शीलानं एक शक्कल काढली. सांगायचं की चाळीसही दिवस मीच जात होते, फक्त फोटोच्या दिवशी मला बरं नव्हतं म्हणून शीला गेली. एका दिवसाची चूक, माफ करा. शीला शपथेवर सांगायला तयार होती. हे ऐकलं आणि काकाजी जे भडकले, तेवढे भडकलेले मी त्यांना आधी कधी पाहिले नव्हते.

"त्या चाळीस दिवसाच्या हाजिरीचं काय लोणचं घालाचं हाये तुले? त्या हाजिरीनंच तुहा घात केला. कागदावर तू ठणठणीत हायेस. ठणठणीत बाईले कायची सुट्टी, कायचा कामगार विमा? विम्याच्या आजारी सुट्टीवर असलेल्या माणसाले मालक काढू शकत नाई, असा कायदा हाये. पण तू सुट्टीवर असल्याचं कुठं त लिवलं पायजे ना. तुहा हक्क हाजिरीत नाई, गैरहाजिरीत हाये. पयले ते चाळीस दिवस परत कर."

मी म्हटलं, "काकाजी, खरं लिहिलं तर पोलीस येतील."

"मी खोटं सांगत नाई. बोलनी बसतीन. चुकलंच हाये तुमचं," ते म्हणाले. "पण चूक आपण सांगतली त ते चूक रायते. त्याइनं सांगतली त गुन्हा होते."

त्यांनी कागद काढले, कार्बन लावला, माझ्या हातात पेन दिलं. पहिलं वाक्य त्यांनीच सांगितलं: अमुक तारखेपासून मी कामावर नव्हते. मला ते लिहवेना. सहा वर्षांत मी ताप अंगावर काढला, पाळी अंगावर काढली, सासरा गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी मशीनवर उभी होते, कारण हजेरी चुकवायची नाही. आणि आता माझ्याच हातानं मी नव्हते म्हणून लिहायचं. काकाजी कार्बन सरळ करत बसून राहिले. शेवटी लिहिलं. मग एकदा ते वाक्य लिहून झाल्यावर बाकीचं भराभर आलं: रोग कोणता, दवाखाना कोणता, कोणत्या तारखेला कळलं, माझ्या कार्डावर माझी जाऊ आली, मुकादमाला माहीत होतं, ही आमची चूक आहे, मी बरी होऊन कामावर येणार आहे, राजीनामा देत नाही. शीलानं तिचा वेगळा अर्ज लिहिला. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, हे काकाजींनी तेवढ्यात सांगून घेतलं.

मिलच्या गेटावर अर्ज कोणी घेईना. आज साहेब नाहीत, उद्या या. काकाजींनी आत टाइमकीपरच्या खिडकीत डोकं घातलं. तिथे तिशीतला एक जण बसला होता. "भाऊ," काकाजी म्हणाले, "मी तीस वर्ष तुह्यासारख्याच खुर्चीत बसलो. आलेला कागद घेणं आन् शिक्का मारणं, येवढंच आपलं काम. त्यात काय लिवलं हाये ते साहेबाचं काम." त्यानं इकडे-तिकडे पाहिलं आणि आमच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. परत येताना काकाजींनी तो शिक्का उन्हात धरून तीनदा पाहिला.

पुढचं सगळं एका दिवसात झालं नाही. विम्याच्या दवाखान्यात गेलो, सरकारी दवाखान्याचे तारखेचे कागद दाखवले, तिथून दाखले सुरू झाले. मिल म्हणत होती की मी स्वतःच काम सोडलं, म्हणून तक्रार केली आणि मग लेबर ऑफिसची तारीख लागली, छिंदवाड्याला. मी, शीला आणि काकाजी बसनं गेलो. मिलकडून तेच गोड साहेब आले होते, फाईल घेऊन.

अधिकारी एक मॅडम होत्या. साहेबांनी बोलायला सुरुवात केली आणि ते फार चांगलं बोलले, मला भीतीच वाटली. ही बाई अशी, हिचा विश्वासघात असा, कंपनीची फसवणूक अशी. मॅडम लिहीत होत्या. मध्येच त्यांनी मान वर केली. "ये चालीस दिन मशीन पर कौन था?"

"इसकी देवरानी, मैडम. यही तो धोखा है."

"और ये कहाँ थी?"

"ये तो घर में बीमार पड़ी थी," साहेब तावातावानं म्हणाले.

काकाजी उठले, चष्मा नीट केला आणि शांतपणे म्हणाले, "साहब, बस इतना लिखकर दे दीजिए. हमको और कुछ साबित नहीं करना है."

साहेबांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मॅडमच्या लगेच आलं. त्यांनी विचारलं, बाई आजारी होती हे तुम्ही मानता, तर तिनं काम सोडलं असं कसं म्हणता? आणि जिचं तुमच्या रजिस्टरात नाव नाही, विमा नाही, अशी बाई चाळीस दिवस तुमच्या मशीनवर होती, तिचा हात मशीनमध्ये गेला असता तर कोणाच्या नावावर लिहिलं असतं? साहेब मोबाईल पाहू लागले. शीलानं माझा हात घट्ट धरला होता.

तो राजीनाम्याचा कागद रद्द झाला. उपचार संपेपर्यंत माझी सुट्टी धरायची, बरी झाल्याचा दाखला आणला की त्याच खात्यात परत घ्यायचं, असं लिहून झालं. आधीच्या चाळीस दिवसांचं विम्याच्या दफ्तरानं ठरवावं, असं ठरलं; त्याला पुढे वेळ लागला आणि सगळं काही आमच्या मनासारखं झालं नाही. शीलाचे चाळीस दिवस शीलाच्या नावावर चढले. तिला मिलनं पुढे घेतलं नाही, तिनंही मागितलं नाही. मशीनच्या आवाजानं तिचं डोकं उठायचं. मला एक ताकीदपत्र मिळालं, कार्ड दुसऱ्याला दिलं म्हणून. ते मी रास्तच समजते. काकाजींनी त्याचीही पावती माझ्याकडून लिहून घेऊन साहेबांना दिली.

सहा महिने गोळ्या खाल्ल्या, एक चुकवली नाही. दाखला घेऊन गेले. आज दोन वर्षं झाली, मी त्याच खात्यात आहे. टी.बी. झाला होता आणि बरा झाला, हे मी विचारेल त्याला सांगते. न विचारणाऱ्यालाही सांगते. काकाजी आणि काकी आता नागपूरला मुलीकडे असतात. तिथे ते सोसायटीच्या चौकीदाराकडून पावत्या घेतात, असं काकी फोनवर सांगून राहिल्या होत्या.

पण मला आठवते ती छिंदवाड्याहून परतीची बस. शीला पुढच्या सीटवर झोपली होती. मी खुशीत होते. मी म्हटलं, "काकाजी, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही नसते तर माझं नाव कटलं असतं."

त्यांनी ऑफिसातून मिळालेला कागद घडी घालून माझ्या हातात दिला.

"आमच्या मिलमदी नावं मीच कापत होतो," ते म्हणाले. "दहा दिवस बाई दिसली नाई, काई कागद आला नाई, की लाल शाईनं रेघ. मले माहीत रायचं ते घरी बिमार पडून हाये. कधी कधी तिचं घरही माहीत रायचं. पण कागद नाई. एक अर्ज आला असता त माह्यानं ते रेघ मारताच आली नसती, मालकानं सांगतलं तरी. मी रोज खिडकीत वाट पाहत होतो. कोनंच देल्ला नाई."

"मग तुम्ही त्यांच्या घरी जाऊन का नाही सांगितलं?" मी विचारलं. आता वाटतं, विचारायला नको होतं.

"तवा मी नोकरीत होतो," काकाजी म्हणाले.

मी हळूच विचारलं, किती जणी होत्या.

त्यांनी आकडा सांगितला नाही. नावं सांगायला लागले. नाव, नवऱ्याचं नाव, खातं, आणि कोणत्या गावाहून यायची ते. एकसारख्या आवाजात, मध्ये न थांबता, रजिस्टर वाचून दाखवावं तसं. रामाकोना गाव मागे पडलं. शीला जागी झाली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी तिला गप्प राहायची खूण केली. सौसरचा स्टँड आला, कंडक्टर दोनदा ओरडला, लोक उतरले, तरी काकाजींची नावं संपली नव्हती.